लामेन बापांचा चष्मा

शनिवारी दुपारी लामेन बापांनी स्टुलाचा चौथा पाय कापला आणि तो बाकीच्या तिन्हींपेक्षा दोन बोटं आखूड निघाला. मग त्यांनी ते तिन्ही पाय तेवढेच कमी केले. आता चौथा लांब वाटू लागला. ते शांतपणे पुन्हा करवत उचलणार, तेवढ्यात त्यांची मुलगी केवा बाहेर आली.

"बापा, संध्याकाळपर्यंत याचा पाट होईल," ती म्हणाली. "चष्मा कुठंय?"

"आहे ना."

"कुठं?"

"गावात," बापा म्हणाले आणि पेन्सिल कानावर ठेवून त्यांनी पुन्हा अंदाजाने रेघ मारली.

केवा लारांतुका शहरातल्या दवाखान्यात नर्स होती. सुटी घेऊन, होडीने समुद्र ओलांडून ती आदल्या दिवशीच घरी आली होती. चष्मा तिनेच आणलेला. दोन वर्षांपूर्वी बापांना लारांतुकाला नेऊन, डॉक्टरांकडून डोळे तपासून, जाड तपकिरी काड्यांचा चष्मा तिने करून घेतला होता आणि हरवू नये म्हणून त्याला काळी दोरी बांधून दिली होती. पहिल्याच आठवड्यात बापांनी दोरी सोडून ठेवली. दुसऱ्याच्या मानेला ती काचते, असं त्यांचं म्हणणं.

डोंगरावरच्या त्या गावात घरं चाळीस आणि चष्मा हा एक. पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाला तो कधी ना कधी लागायचा. कुणाला सुईत दोरा ओवायला, कुणाला मुलाचं पत्र वाचायला, कुणाला पायातला काटा काढायला. प्रत्येक डोळ्याचा नंबर वेगळा असतो, दुसऱ्याच्या चष्म्याने डोळे बिघडतात, हे केवाने बापांना कितीदा समजावलं होतं. ते नीट ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, असेल बाई तसं, पण यातून सगळ्यांना दिसतं खरं.

शेवटी ती स्वतःच चष्मा शोधायला निघाली.

पहिलं घर ओमा पेनीचं. म्हातारी ओसरीवर बसून, विणण्याआधी सुताला गाठी मारत होती. चष्मा कधीच पुढे गेला, तिने सांगितलं, गुरुवारी ग्रामकचेरीतल्या ओलाने नेला. "दोन वर्षांनी माझ्या दारात आलीस, ती म्हातारीला बघायला की चष्म्याला?" असंही तिने विचारलं आणि भाजून चेचलेला मका मूठभर खाल्ल्याशिवाय केवाला उठू दिलं नाही. ओलाने एका अर्जापुरता चष्मा घेतला होता. मग सासूच्या टाचेत काटा मोडला म्हणून तो तिला दिला. सासूने काटा काढून शेजारणीला दिला, कारण शेजारणीला नातवाच्या डोक्यातल्या उवा बघायच्या होत्या. शेजारीण म्हणाली की आज सकाळी कुणीतरी तो गुरू तुपेन यांच्या घराकडे जाताना पाहिला. एव्हाना केवाच्या पोटात चार घरची कॉफी डुचमळत होती.

फादर महिन्यातून एकदाच गावात यायचे. बाकीच्या रविवारी प्रार्थना चालवायची ती गुरू तुपेन यांनी. अडुसष्टाव्या वर्षी ते चष्म्याशिवाय शास्त्रपाठ वाचतात, ही गावाच्या अभिमानाची गोष्ट होती, आणि गुरूंच्या तर फारच. वाचताना ते पुस्तक एका हातावर तोलायचे, दुसऱ्या हाताने पांढऱ्या इस्त्रीच्या रुमालाने कपाळ टिपायचे, आणि एकदाही अडखळायचे नाहीत.

गुरू दारात आले ते हात पाठीमागे घेऊनच.

"चष्मा? आणि माझ्याकडे?" ते म्हणाले. "पोरी, देवाने मला डोळे दिलेत."

आत त्यांची बायको एकाएकी जोरजोरात मका चेचू लागली.

केवा रिकाम्या हाताने परत आली. बापा स्टुलाचा भुसा झाडत होते.

"हरवला," ती म्हणाली. "चार घरं हिंडले, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मला एक सांगा बापा, चष्मा तुमचा आहे की गावाचा?"

बापांनी तिच्याकडे पाहिलं. प्रश्न खरंच विचारलेला असावा तसा त्यांनी थोडा वेळ विचार केला.

"येईल," ते म्हणाले. "घाई काय आहे?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. चष्मा न्यायला कुणीही दारात आलं की ते म्हणायचे, काम झालं की आणा, घाई नाही. शास्त्रावर बोलायची त्यांना सवय नव्हती. प्रार्थनेच्या बैठकीत गुरूंचं प्रवचन सुरू झालं की ते भिंतीला टेकून सरळ झोपी जायचे. पण हे एक वाक्य ते दिवसातून दोन-तीनदा म्हणायचे, आणि केवाला त्याचा मनापासून राग यायचा.

जेवताना ती त्यांच्याशी बोलली नाही. बापांनी माशाच्या डोक्याकडचा तुकडा तिच्या ताटात सरकवला. तो तिने खाल्ला. त्यांनी नवं स्टूल तिच्यापुढे आणून ठेवलं. तिने बोटाने ढकलून पाहिलं. ते डुगडुगलं. ती चटईवरच बसली.

रविवारी उजाडताना तिने खिडकी उघडली, तर चौकटीत पांढऱ्या रुमालात गुंडाळलेला चष्मा. काच अगदी स्वच्छ पुसलेली. तिने रुमाल तिथेच ठेवला आणि चष्मा घेऊन ती आत गेली. जाता जाता तिने मनात एक वाक्य जुळवलं होतं: आला बरं का तुमचा गावभटक्या, आता आज तरी तो नाकावर राहू द्या.

बापा कुशीवर झोपले होते, गालाखाली हात घेऊन. केवा नर्स होती. तिला दारातूनच कळलं. तरी तिने खाली बसून त्यांचं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ धरून ठेवलं.

शवपेटी शेजारच्या गावच्या सुताराने केली. या गावचा सुतार म्हणजे बापाच होते.

दुपारी बापांच्या आजोळची माणसं आली. त्यांनी आणलेलं वस्त्र अंगावर पडल्याशिवाय माणसाला मातीत ठेवत नाहीत, आणि त्यांच्या हाताने अंगावर जे घातलं ते पुन्हा कुणी काढत नाही. त्यांचे वडीलधारे होते ओपू बोली, बापांचे मामेभाऊ. ते वस्त्र पसरणार, तेवढ्यात केवाने चष्मा त्यांच्या हातात दिला आणि हाही घाला, म्हणून सांगितलं.

"झोपताना कुणी चष्मा लावतं का गं?" ओमा पेनीने विचारलं.

"आता तरी त्यांच्याजवळ राहू दे," केवा म्हणाली.

ओपूंनी चष्मा बापांच्या डोळ्यांवर बसवला. त्या मिटल्या डोळ्यांवर तो असा दिसू लागला की बापा काहीतरी फार बारीक अक्षरातलं वाचता वाचता कंटाळून झोपलेत. सगळं गाव दर्शनाला येऊन गेलं. जो तो आधी चेहऱ्याकडे बघे, मग चष्म्याकडे, आणि सुस्कारा सोडे. कुठला सुस्कारा कशासाठी, हे काही केवाला ओळखता येईना. ओलाच्या खिशातून तर अर्धवट भरलेला एक अर्ज डोकावत होता. तो त्याने हळूच आत दाबला.

गुरू तुपेन तीनदा आले. तिसऱ्या वेळी ते केवाच्या शेजारी टेकले.

"सोबतच जाणार का तो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरोबर आहे," गुरू म्हणाले. मग थोड्या वेळाने, वाईट बातमी ऐकल्यासारखं, पुन्हा म्हणाले, "बरोबरच आहे."

समुद्र खवळला होता, फादरांची होडी निघणार नव्हती. म्हणजे प्रार्थना गुरूंनीच चालवायची. केवाने बापांचं शास्त्राचं पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. सबंध पुस्तकात एकाच जागी सुतारी पेन्सिलीची जाड रेघ होती. उपाशी, उघड्या माणसाला नुसतं, सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव, असं म्हणून वाटेला लावलं तर त्याचा काय उपयोग, विचारणारा तो उतारा. हाच वाचा, केवा म्हणाली. गुरूंनी नेहमीचा मर्तिकाचा पाठ सुचवला. तो मला चांगला येतो, असं काहीसं ते पुटपुटलेही. केवाने मान हलवली. बापांनी आयुष्यात एवढ्या एकाच ओळीखाली रेघ मारली होती.

सोमवारी दुपारी अंगणात, केवाच्या आईच्या थडग्याशेजारी खणलेल्या खड्ड्याजवळ पेटी ठेवली. केवाला बसायला कुणीतरी घरातून ते नवं स्टूल आणून दिलं. ते डुगडुगत होतं. ती त्यावर बसली.

गुरू उभे राहिले. त्यांनी पुस्तक उघडलं, लांब धरलं, आणखी लांब धरलं, शेवटी हातच संपले. मग त्यांनी डोळे अर्धवट मिटून खणखणीत आवाजात सुरुवात केली. पुरुष आपल्या आईबापांना सोडून बायकोशी जडून राहील आणि दोघं एक होतील, असा तो पाठ होता.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"लग्न कुणाचं आहे?" ओमा पेनीने मोठ्याने विचारलं. म्हातारीला हळू बोलता येत नसे.

मागे कुणीतरी हसू दाबण्यासाठी खोकलं. गुरू थांबले. त्यांनी चार पानं उलटली आणि पुन्हा तितक्याच खणखणीत आवाजात सुरुवात केली. आता मेंढपाळ रानात रात्रभर आपल्या मेंढरांची राखण करत होते. नाताळ अजून दोन महिने लांब होता. खोकणारे वाढले. ओलाने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. गुरूंच्या कपाळावर घामाचे थेंब जमले. त्यांनी सवयीने खिशात हात घातला, हात रिकामाच बाहेर आला, आणि त्यांनी बाहीने कपाळ पुसलं.

केवाची नजर खिडकीकडे गेली. पांढरा, इस्त्रीचा रुमाल चौकटीत रविवारपासून तसाच पडला होता.

दर शनिवारी चष्मा गुरूंकडे जात होता. पाठ घरी पाठ करायचा, उजाडायच्या आत चष्मा खिडकीत ठेवायचा, आणि मग गावासमोर उघड्या डोळ्यांनी घडाघडा म्हणायचा. आज पाठ करायला चष्माच नव्हता, म्हणून घाबरून जिभेवर येईल ते बाहेर पडत होतं. दोन वर्षं बापांना हे माहीत होतं. परवा त्यांनी तिला चार घरं हिंडू दिली, तिची बोलणी खाल्ली, आणि म्हणाले एवढंच, येईल.

ती उठली तसं स्टूल कलंडलं. पेटीपाशी जाऊन तिने चष्म्याला हात घातला. ओपू बोलींनी तिचा हात धरला.

"घातलेलं काढत नाहीत, पोरी."

केवा खोटं बोलत नसे. आजवर चष्म्याच्या बाबतीत तर ती फारच खरं बोलत आली होती.

"बापांनी मला सांगून ठेवलंय, ओपू," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "हा पाठ त्यांच्याच चष्म्यातून वाचायचा. ज्याला चष्मा लागत नाही, त्यानेसुद्धा. माझं चुकलंच, गुरूंना ते आधी सांगायला हवं होतं. ते बिचारे मघापासून वाट बघतायत."

ओपूंनी पेटीतल्या भावाच्या तोंडाकडे पाहिलं. मेलेल्याचा शब्द रीतीपेक्षा मोठा. त्यांनी हात मागे घेतला.

चष्मा निघाला तेव्हा बापांच्या नाकावर दोन्ही बाजूंना त्याची पुसट खूण राहिली होती. केवाने काचा बाहीने पुसल्या आणि चष्मा गुरूंना नेऊन दिला. गुरूंनी तो घेताना तिच्याकडे पाहिलं नाही. तो डोळ्यांना लावायलाही त्यांना जरा वेळ लागला. गावासमोर ते पहिल्यांदाच चष्मा लावत होते.

मग त्यांनी वाचलं. नेहमीसारखं घडाघडा नाही. एकेका शब्दावर बोट ठेवत, थांबत, एका ठिकाणी चुकून ती ओळ पुन्हा घेत. उपाशी माणसाचं आलं तिथे त्यांनी पुस्तक आणखी जवळ घेतलं. जी श्रद्धा काही करत नाही ती मेलेलीच, हे शेवटचं त्यांनी अगदी हळू वाचलं. कुणी खोकलं नाही.

वाचन संपलं. गुरूंनी चष्मा काढला, दोन्ही हातांत धरून केवापुढे केला. ओपू बोली पेटीचं झाकण घेऊन थांबले. ओमा पेनी, ओला, त्याची सासू, सगळे आकाशाकडे, झाडांकडे, चपलांकडे बघत होते आणि तिरक्या नजरेने त्या तपकिरी काड्यांकडे.

केवा पेटीवर वाकली. तिने बापांच्या नाकावरच्या त्या दोन खुणांवरून बोट फिरवलं.

"गावाचा आहे, बापा," ती म्हणाली.

मग ती सरळ झाली. गुरूंचे हात अजून तसेच पुढे होते. तिने ते हलकेच त्यांच्याकडे परत लोटले.

"ठेवा तुमच्याकडे, गुरू. काम झालं की आणा," ती म्हणाली. "घाई नाही."