चार चिंध्या आणि एक इंजिन

ग्रंथपालाचं एक ठाम मत होतं : पुस्तकात बघून करता येत नाही असं जगात काहीही नाही. हे मत सिद्ध करायला त्यानं तात्यांच्या, म्हणजे वडिलांच्या, गाडीचं इंजिन बदलायला घेतलं. जुन्या इंजिननं मान टाकली होती, गाडी दोन वर्षं दारात उभी होती, आणि मेहुणा आपला टोइंगचा ट्रक घेऊन येता-जाता विचारायचा, "भाऊजी, नेऊ का भंगारात?"

"सहा आठवडे थांब," ग्रंथपाल म्हणाला. "सातव्या रविवारी बारापर्यंत सुरू नाही झाली, तर खुशाल ने."

सहा आठवडे जाडजूड पुस्तक समोर उघडं ठेवून त्यानं काम केलं. दुसरं इंजिन साखळीला लटकत बॉनेटखाली उतरलं तेव्हा तो बघतच राहिला. एवढं धूड, आणि एका बोटानं ढकलताच अलगद जागेवर बसलं! आपण हे केलं यावर त्याचाच विश्वास बसेना.

इंजिनच्या चार प्लगना चार वायरी असतात आणि चारही दिसायला सारख्या. इंजिन उतरवताना तुटू नयेत म्हणून त्यानं त्या आधीच काढल्या होत्या. घोळ नको म्हणून बायकोच्या शिलाई मशीनजवळच्या चार चिंध्या उचलल्या आणि प्रत्येक वायरीला एक बांधली. वहीत लिहिलं : पहिली पांढरी, दुसरी निळी, तिसरी चौकडीची, चौथी खाकी. याला म्हणतात पद्धत, असं त्यानं स्वतःलाच सांगितलं. शनिवारी त्याच वहीप्रमाणे वायरी लावल्या.

रविवारी अकरालाच तात्या दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत पुढे जाऊन बसले. "इंजिन कुणाचंही असो, सीट माझी आहे," म्हणाले. मेहुणा ट्रक आडवा लावून शेंगदाणे खात उभा राहिला.

ग्रंथपालानं किल्ली फिरवली. इंजिन गरगरलं, खोकलं, आणि धाडकन बार उडाला. तात्यांचा चष्मा नाकावरून घसरला. शेजारच्या घरातला माणूस आग लागली समजून बादली घेऊन धावत आला.

पुस्तक उघडलं. बॅटरी तपासली, ठीक. पेट्रोल येतंय, ठीक. ठिणगी पडतेय, ठीक. पुस्तकात लिहिलं होतं, हे सगळं ठीक असल्यास इंजिन सुरू होईल. पुन्हा किल्ली, पुन्हा बार. बादलीवाला आता घरी जायचं नावच घेईना.

बाराला दहा कमी असताना मेहुण्यानं हूक अडकवला. "तात्या, उतरा आता."

"उतरणार नाही," तात्या समोर बघत म्हणाले. "या गाडीतून मी याला दवाखान्यातून घरी आणला, तेव्हा हा एवढासा होता. न्यायची तर मला धरून ने."

ग्रंथपालानं पुस्तकाकडे पाहिलं. पुस्तकाच्या सहाशे पानांत या बोलण्यावर एक ओळ नव्हती.

तेवढ्यात बायको बाहेर आली. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच. तिनं बॉनेटखाली डोकावून पाहिलं आणि तिची नजर चिंध्यांवर थांबली. मग म्हणाली, "अहो, एकदा फिरवा किल्ली."

बार उडाला. ती डोळे मिटून, मान कलती करून ऐकत राहिली.

"उलटं शिवलंय."

"काय?"

"सगळं उसवा. पहिली वायर चौथ्याला, चौथी पहिल्याला. मधल्या दोघींची अदलाबदल करा."

दुसरं काही हातात नव्हतं म्हणून त्यानं ऐकलं. किल्ली फिरवली, आणि इंजिन सुरू झालं. खोकला नाही, कुरकुर नाही. नुसती एकसारखी, गोड घरघर. तात्यांनी डॅशबोर्डवर तळवा ठेवला आणि डोळे पुसले. मेहुण्याच्या हातातले शेंगदाणे खाली सांडले. "ताई, हे कधी शिकलीस गं?" तो हळूच म्हणाला. ग्रंथपालाला आपण अठरा वर्षं कुणाबरोबर संसार करतोय तेच कळेना. नुसत्या आवाजावरून!

हूक सोडवला, ट्रक बाजूला झाला आणि तात्यांना घेऊन नवरा-बायको गावाबाहेर फेरी मारायला निघाले. पहिल्याच वळणावर मागच्या सीटवरून आवाज आला, "रागावणार नसाल तर एक सांगते. त्या चिंध्या नव्हत्या. गिऱ्हाइकांच्या कापडाचे नमुने होते. मंगळवारी मॅचिंग दोरा आणायला सोडून नेले. आल्यावर क्रमानं परत बांधले हो मी. फक्त अलीकडच्या बाजूला तुमची साखळी लटकत होती, म्हणून पलीकडच्या बाजूनं बांधले."

ग्रंथपालानं मनात हिशेब केला. पलीकडून पहिली म्हणजे चौथी.

"मग ते डोळे मिटून ऐकणं?"

"धाकट्या भावासमोर सांगू, की घोळ मीच घातला?"

तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला.

परत आले तर फाटकापाशी बादलीवाला उभा. बादली नव्हती, बंद पडलेली स्कूटर होती. मागे आणखी चार माणसं. "वहिनी, हिलाही जरा कान लावता का?"

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं आभाळाकडे. मग तिनं पदर खोचला, डोळे मिटले आणि टाकीवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं.

"पेट्रोल नाही."

झाकण उघडलं. टाकी ठणठणीत कोरडी. ग्रंथपालाला तर सगळं ठाऊक होतं. तरी तोही इतरांसारखाच आ वासून तिच्याकडे बघत राहिला.