राक्षसगडचा भाव कोणी पाडला?

"मुंबईपासून सुरतेपर्यंत माझ्या तोडीचा डिटेक्टिव नाही," असं नविन धोडी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, कारण त्या पट्ट्यात दुसरा डिटेक्टिव कुणी शोधलाच नव्हता. तलासरी नाक्यावर बायकोच्या झेरॉक्सच्या दुकानात, लॅमिनेशनच्या मशीनला खेटून, त्याचं 'अन्वेषण कार्यालय' होतं. म्हणजे एक खुर्ची आणि एक भिंग. भिंगाचा उपयोग आजवर लोकांना आधार कार्डावरची बारीक अक्षरं वाचून दाखवण्यापलीकडे झाला नव्हता. संगिता दुकान चालवायची, आणि केस आली की आपोआप त्याची असिस्टंट व्हायची. म्हणजे स्कूटी तिची, पेट्रोल तिचं आणि शेवटी लोकांची माफी मागायचं कामही तिचंच.

एका दुपारी झरीची दक्षा रडवेल्या चेहऱ्याने दुकानात आली. ती डहाणूला एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची.

"नविनदादा, माझा भाव कुणीतरी पाडतंय."

'राक्षसगड' नावाचा कॉम्प्युटर गेम होता. कंपनीचा सेल लागला तेव्हा तिने पगारातून साठवलेले सगळे पैसे घालून त्याचे डाउनलोड कोड घेतले होते. कोड म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक ओळ. ती टाकली की गेम उतरतो. सेल संपला, कंपनीचा दर पुन्हा चढला, की हे कोड खरेदी-विक्रीच्या साइटवर मधल्या भावाने विकायचे आणि त्यातून गाडी घ्यायची, असा बेत. रोज बसमागे पळून तिच्या चपला झिजल्या होत्या.

"पण साइटवर सगळ्यात स्वस्तवाला सगळ्यात वर दिसतो," दक्षा म्हणाली. "खालच्यांकडे कोण बघतंय? तो 'वाघ्या७७' माझ्यापेक्षा एक रुपया कमी लावतो. मी उतरले की तो उतरतो. बाकीचे सगळे आमच्यापेक्षा शंभर-शंभर रुपये वर आरामात बसलेत. आता मी खरेदीच्या किमतीला टेकलेय, वहिनी. अजून उतरले तर गाडी राहिली दूर, हेल्मेटसुद्धा यायचं नाही."

"कोड आहे ना? मग हे कोडं मी सोडवणार," नविन म्हणाला. संगिताने कपाळावर हात मारला.

त्याचा पहिला तर्क होता तस्करीचा. काही देशांत हाच गेम स्वस्त मिळतो, असं दक्षा बोलून गेली होती. तिथला कोड इथे चालत नाही, हे वाक्य मात्र नविनने ऐकलंच नाही. त्याने गुजरातच्या हद्दीजवळ एका ट्रकला हात केला.

"माल काय?"

"टामेटां छे, भाई."

"आणि खाली? ऐंशी जीबीचा गेम आहे. वजन लपत नाही!"

ड्रायव्हरने संगिताकडे पाहिलं. संगिताने हात जोडले. निघताना त्याने किलोभर टोमॅटो फुकट दिले, बहुधा तिची दया येऊन.

मग दुसरा तर्क. चिकू संध्याकाळपर्यंत मऊ पडतो तसा गेमही मऊ पडला असणार. तिसऱ्या तर्कापायी वाघाचं चित्र असलेला टी-शर्ट घातलेल्या एका माणसाचा त्याने वाणगाव स्टेशनपर्यंत पाठलाग केला. तो माणूस वांगी विकायला बसला. संगिताने अर्धा किलो घेतली. तपास पुढे जात नव्हता, पण घरात भाजी येत होती.

शेवटी "घटनास्थळाची पाहणी" ठरली. झरीला दक्षाच्या घरी नविन ओट्यावर बसून तिचा मोबाइल भिंगातून न्याहाळू लागला.

"आत आवाज करू नका हां," दक्षा म्हणाली. "माझा भाऊ मिथुन रात्रपाळी करून झोपलाय."

दक्षा नविनला भाव एक रुपयाने उतरवून दाखवू लागली, तोवर संगिताला तहान लागली. ती पाणी प्यायला आत गेली. मिथुन झोपला नव्हता. खाटेवर पालथा पडून तो मोबाइलवर अंगठा आपटत होता.

"आली परत ही चिकूक्वीन! थांब, तुला एक रुपयाने मारतो!"

बाहेरून दक्षाची किंकाळी आली, "बघा! परत उतरला!"

संगिताने सावकाश पाणी पिऊन घेतलं, तांब्या ठेवला आणि दारात येऊन म्हणाली, "भाव पाडणारा सापडला. भाऊ आहे."

बहिणीचं फोनवरचं बोलणं चोरून ऐकून मिथुननेही गुपचूप तेच कोड घेतले होते.

"चिकूक्वीन म्हणजे तू?" तो उठून बसला. "मी तिला रोज शिव्या घालतोय!"

"ऐकल्यात मी. मला वाटलं सुपरवायझरला घालतोस."

"मला विचारायचं तरी, मेल्या!" दक्षा ओरडली. मिथुनने मान खाली घातली. तोही बुडतच होता.

"एका घरात दोघं भांडताय आणि गिऱ्हाईक हसतंय," संगिता म्हणाली. "दोघंही भाव वर न्या. त्या शंभर रुपये वरच्याच्या जरा खाली थांबा. आणि एकमेकांना कापू नका."

"गुन्हेगार घरातलाच असतो, मी म्हटलंच होतं," नविन म्हणाला.

"कधी?"

"मनात."

गिऱ्हाईकं मुकाट्याने नवा भाव देऊ लागली. महिनाभरात दोघांचे कोड संपले आणि दोघांच्या पैशांतून एक गाडी आली. दक्षा ती घेऊन दुकानासमोर थांबली तेव्हा मिथुन तिची पर्स सांभाळत मागे बसला होता.

"गाडी दोघांची ना?" संगिताने विचारलं. "मग तू मागे का?"

"काय करू, वहिनी?" मिथुन म्हणाला. "चावी मागितली की ही भाव खाते."