डिकीतला दिवा

सलग चौथ्या सकाळी गाडीने नुसतं "टक्" केलं आणि मान टाकली. मीटरकाकांनी तीनदा किल्ली फिरवून पाहिली, बॉनेटवर एक थाप मारली आणि काकूंना जाहीर करून टाकलं, "रात्रीतून कोणीतरी करंट पितंय. आज त्याला पकडतोच!"

पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस. खिशात करंट मोजायचा मीटर नसला तर त्यांना शर्ट घातल्यासारखंच वाटत नसे, म्हणून अख्खी इमारत त्यांना मीटरकाका म्हणायची. आणि ही बारा वर्षांची गाडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण जावई उद्या सकाळी नऊला गिऱ्हाईक घेऊन येणार होता.

"बाबा, रोज चार्ज करायची आणि रोज ढकलायची, ही काय गाडी झाली? विकून टाका," तो फोनवर म्हणाला होता.

"आणि उद्या एका किल्लीत सुरू झाली तर?"

"तर गिऱ्हाईकाला परत पाठवतो."

"पाठव. येताना रिकाम्या हाताने ये म्हणावं त्याला, पैसे कशाला उगाच वागवतो!"

काकूंचा या भानगडीशी संबंध असेल, हे काकांच्या स्वप्नातही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी काकूंनी लायसन्स काढलं, तेव्हा काका शेजारी बसून "क्लच! अगं, क्लच! मेलो, मेलो!" असे काही ओरडले, की काकू भर चौकात गाडी सोडून तडक पायी घरी आल्या. त्यानंतर त्यांनी गाडीचा विषयही काढला नव्हता.

दुपारी बॅटरी चार्ज करून काकांनी मीटर जोडला. एकेक फ्यूज काढला, तपासला, परत बसवला. रेडिओ निर्दोष. हॉर्न निर्दोष. मीटर आपला शून्याजवळ ढिम्म. सहा वाजत आले तेव्हा एकच संशयित उरला होता, डिकीतला दिवा. डिकी लावल्यावर तो विझतो की रात्रभर जळतो?

मीटरच्या मते विझत होता. पण काकांची कामाची पद्धत पक्की होती. लिफ्टचा दोष लिफ्टमध्ये बसूनच शोधायचा! त्यांनी मीटर काढून बॅटरीची वायर पुन्हा जोडली, बॉनेट लावलं, ड्रायव्हरच्या सीटजवळचा खटका ओढून डिकी उघडली, गुडघे पोटाशी घेऊन आत शिरले आणि वरचं झाकण खाली ओढलं.

खट्. दिवा विझला.

"बघा! निर्दोष!" काका अंधारात म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की डिकी आतून उघडत नाही. मोबाइल वर घरात, किल्ली खुंटीवर.

आता कोणाला तरी हाक मारणं भाग होतं. लिफ्टमध्ये अडकलेल्या शेकडो लोकांना "काही होत नाही हो, घाबरता काय!" म्हणून दम भरणारे काका स्वतः "वाचवा" म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात पुढचं दार उघडलं. कोणीतरी सीटवर बसलं. किल्ली फिरली. वायपर सुरू झाले, इंडिकेटर टिकटिकायला लागला.

"हेडलाइट... आरसा... दुसरा गिअर... आता वळण." आवाज काकूंचा होता!

सहा ते आठ काका पत्ते खेळायला जात. म्हणजे रोज दोन तास, इंजिन बंद ठेवून, सगळे दिवे लावून काकू जागच्या जागी गाडी चालवत होत्या. करंट पिणारा चोर सापडला होता, आणि चार दिवस काका त्याच्याच हातचा चहा पीत होते!

"उद्या तू जाणार गं बाई," काकू गाडीला म्हणाल्या. "एकदा तरी खरीखुरी चालवू दे मला."

आणि इंजिन सुरू झालं.

काकांच्या घशाशी "क्लच!" आलं. त्यांनी खिशातला रुमाल काढून तोंडात कोंबला. गाडी एक हिसका देऊन निघाली. वळण, गतिरोधक, चौक, पुन्हा वळण. गतिरोधकावर काकांचं डोकं झाकणाला आपटलं तेवढंच, बाकी हात कसा लोण्यासारखा! परत आल्यावर काकूंनी दोन खांबांमध्ये गाडी एका दमात उलटी लावली. काकांना तीन प्रयत्न लागत.

मग डिकीतून ठकठक झाली.

"अगं बाई!" डिकी उघडून काकू किंचाळल्या. "तुम्ही पत्ते खेळायला गेला होतात ना?"

काकांनी तोंडातला रुमाल काढला. "दिवा बघत होतो."

"म्हणजे सगळं ऐकलंत?"

"चौकात गिअर छान टाकलास."

"आणि ओरडला नाहीत?"

"नाही ओरडलो. चुकलंच माझं तेव्हा," काका म्हणाले. "आता हात दे, कंबर धरलीय."

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला काकूंनी किल्ली फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली. गिऱ्हाईक हिरमुसून निघून गेलं. जावई मात्र चाटच पडला.

"बाबा, फॉल्ट होता तरी कुठे?"

"ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर," काका ठणकावून म्हणाले. "दोन वर्षांपूर्वीचा. कालच काढला."

आणि ते मागचं दार उघडून निमूट मागे जाऊन बसले. जावई बराच वेळ पुढच्या सीटखाली वाकून वायर शोधत होता.