कावीळ आणि लाल वर्तुळ

रोग माणसाला होतो. साथ मात्र नकाशाला होते. आरोग्य खात्यात आकडेमोड करणाऱ्या बाईंना हे सत्य नोकरीच्या अकराव्या वर्षी उमगलं.

त्या महिन्यातल्या कावीळवाल्यांचे पत्ते बाईंनी नकाशावर टिंबं देऊन मांडले. एकूण त्रेसष्ट. त्यांतली एक्केचाळीस एकाच पाण्याच्या टाकीला लागलेली, गुळाला मुंगळे लागावेत तशी. इतकी गर्दी निव्वळ योगायोगाने जमण्याची शक्यता गणिताने काढली : हजारात एक. बाईंनी टाकीभोवती लाल वर्तुळ काढलं. आत त्यांची धाकटी बहीणही होती (टिंब क्रमांक अडतीस).

साहेब मृदू स्वभावाचे. वाईट बातमीलासुद्धा ते आधी बसायला खुर्ची देत.

"वर्तुळ लहान झालंय हो," ते म्हणाले. "जरा मोठं करा."

"मोठं केलं तर साथ विरून जाईल, साहेब."

"मग आपलं काम दुसरं काय आहे?"

बाईंनी वर्तुळ वाढवलं. तीन किलोमीटरला साथीची 'किरकोळ वाढ' झाली, आठला 'हंगामी कल', आणि सबंध शहर आत आल्यावर कावीळ गेल्या वर्षीपेक्षा कमीच भरली (तीही औषधाविना). खात्याने समाधान व्यक्त केलं.

बाईंना मात्र घास गोड लागेना. ऑफिस सुटल्यावर त्या पहिला नकाशा पर्समध्ये घालून बहिणीकडे गेल्या. ती पिवळीजर्द होऊन पडली होती.

"ताई, तुमच्या कागदावर मी बरी झाले का गं?"

"सरासरीने झालीस," बाई म्हणाल्या आणि घरातलं सगळं पिण्याचं पाणी मोरीत ओतून आल्या. मग त्यांनी तो नकाशा टाकीच्या भिंतीवर डकवला. खाली लिहिलं : पाणी उकळून प्या.

वर्तुळातली माणसं मुकाट्याने पाणी उकळू लागली. तीन आठवड्यांत वर्तुळातली नवीन टिंबं थांबली. बहीण उठून कामाला लागली. बाईंना नोटीस मिळाली (विषय : सरकारी भिंतीचे विद्रूपीकरण).

पण खरी झुंबड उडाली ती ऑफिसात. रेषेपलीकडच्या दोनशे सहा कुटुंबांनी अर्ज केले : आमचं घर वर्तुळाबाहेर असल्याचा दाखला मिळावा. साहेबांनी लोकांची निकड ओळखून स्वतंत्र खिडकी उघडली. दाखले मिळाले, ते प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला लागले, आणि त्या घरांतून एक थेंबही पाणी उकळलं गेलं नाही, त्याच टाकीचं असूनही.

तुम्हाला हसू आलं असेल. येणारच. टाकी नेमकी कुठली, हे तुम्ही मघापासून शोधत होता. आपली नसावी असं वाटलं, तेव्हाच तर हसलात.