जगूनानांची तंबू-तपासणी

जगूनाना कोणत्याही तंबूत शिरले की प्रथम चपला बाहेर काढतात आणि मग परक्या माणसाच्या इस्त्रीच्या चादरीवर उताणे पडून, दोन्ही हात छातीवर जुळवून डोळे मिटतात. त्यानंतर ते बोलत नाहीत व हलतही नाहीत. देवबागच्या एका व्यवस्थापक बाईंनी ही अवस्था पाहिली आणि घाबऱ्याघुबऱ्या होऊन रुग्णवाहिकेचा नंबर शोधण्यास प्रारंभ केला. तेवढ्यात नानांनी डोळे उघडले, छताकडे पाहिले, "डबल!" असे उद्गारले आणि उठून चालू लागले.

ज्यांना एस.टी.चा प्रवास घडलेला नाही अशा भाग्यवंतांसाठी खुलासा करतो. वाहकाने एक घंटी दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की सुटते. नानांनी उभी हयात वाहकाची नोकरी केली. निवृत्तीला बरीच वर्षे लोटली, तरी जगातील यच्चयावत गोष्टींचा निकाल ते अद्याप घंटीनेच लावतात. पसंत पडले तर सिंगल, न पडले तर डबल. त्यांच्या सुनेच्या स्थळाला सिंगल मिळाली होती. माझ्या मिशीला डबल मिळाली, परंतु तो निर्णय मी बंधनकारक मानलेला नाही.

मी स्वतः मालवणास कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितो. या भागातून सरकारदरबारी गेलेल्या तक्रारींपैकी ज्या वाचनीय ठरल्या, त्या बहुतांशी माझ्या लेखणीतून उतरलेल्या आहेत. मसुऱ्यास, माझ्या राहत्या गावी, नाना माझे शेजारी. माझ्यापाशी स्कूटर आहे आणि इंग्रजी पाट्या वाचण्याइतके इंग्रजीही आहे, या दोन गुणांस्तव मला या तपासणीत सामील करून घेण्यात आले.

तपासणीचे कारण असे. नाना विधुर असून घरी एकटेच असतात. गेल्या मे महिन्यात त्यांचा मुंबईचा मुलगा प्रशांत, सून आणि नात चिऊ घरी आली होती. पहिल्याच रात्री वीज गेली, मोरीत बेडूक निघाला आणि चिऊने रडून वाडी जागी केली. मंडळींनी ऑफिसचे निमित्त सांगून लगोलग परतीची गाडी धरली. यंदा प्रशांतचा फोन आला, "नाना, ह्यावेळी आम्ही टेंटमध्ये राहू. चिऊला हौस आहे. तुम्हीच चांगली जागा बघून ठेवा. रविवारपर्यंत कळवा, नाहीतर गोव्याचं बुकिंग करून टाकतो."

"गोवा" हा शब्द नानांनी मला अशा स्वरात सांगितला, की मुलगा जहाजावर नोकरी धरून कायमचा निघाला असावा असे मला वाटले.

तंबूत राहण्याच्या या नव्या प्रकारास ग्लॅम्पिंग म्हणतात. शहरातील माणसाने निसर्गाच्या ओढीने घर सोडावे, समुद्रकिनारी कापडाचे घर घ्यावे आणि मग त्यात पलंग, आरसा, कॉफीचे यंत्र व वातानुकूलन आहे ना याची खात्री करून घ्यावी, असे त्याचे थोडक्यात स्वरूप. संध्याकाळी शेकोटी पेटवतात. मे महिन्यात, मालवणच्या किनाऱ्यावर, घामाने निथळणारी माणसे शेकोटीभोवती बसून हात शेकताना मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यांच्या सहनशक्तीपुढे मी नतमस्तक आहे.

देवबागचा तंबू नापास झाला तो माडामुळे. छायाचित्र चांगले यावे म्हणून मालकांनी तो बरोबर माडाखाली थाटला होता आणि झावळ्यांना दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या. नानांनी मान वर करून विचारले, "बाईनू, ह्यो नारळ खाली येवचो झालो तर पयलो इचारतलो काय, आत कोण निजला म्हणान?"

"सर, दॅट इज नॅचरल ॲम्बियन्स," बाई म्हणाल्या.

"नॅचरलच पडतलो तो," नाना म्हणाले.

तारकर्लीस जनरेटरची घरघर होती. वालावलला खाडीच्या काठी, लाकडी माच्यावर उभारलेला तंबू मला स्वतःला राजेशाही वाटला. आत झुंबर होते. नाना त्यात नेहमीप्रमाणे उताणे पडले, कूस बदलली, भिंतीकडे तोंड करून गुडघे पोटाशी घेतले, आणि पुन्हा "डबल!"

आता माझी सहनशक्ती संपली. शनिवार उजाडला होता. खाडीच्या काठावर स्कूटर उभी करून मी माझा निष्कर्ष स्पष्ट शब्दांत मांडला. "नानानू, खरा काय ता सांगा. तुमका खंयचीच जागा पसंत पडूची नाय. जागा गावली नाय म्हणजे पोरा घराक येतली, ह्योच तुमचो डाव."

अर्जदाराच्या मनातील हेतू ओळखणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे उत्तराविषयी मी निःशंक होतो.

"खुळो आसस तू," नाना शांतपणे म्हणाले. "घराक इला तर आमचा चेडू, चिऊ, परत रडतला. मगे पुढच्या वर्साक गोवाच. माका तेका रडवन घराक ठेवचा नाय आसा. वालावलाक पाणी अजिबात आवाज करणा नाय, ता बघलस? एवढ्या शांततेत ल्हान पोर दचाकता. चल, आचऱ्याक जावया."

मग स्कूटरवर मागे बसून त्यांनी मला झोपेचे शास्त्र ऐकवले. नानांची ड्यूटी कायम मुक्कामाच्या गाडीवर असे. शेवटची गाडी संध्याकाळी आडगावात जाते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे माणसे भरून परत फिरते. चालक व वाहक गाडीतच बाकावर निजतात. कोणत्या गावचे कुत्रे केव्हा भुंकते, ओहोळाच्या काठी डास किती, सड्याच्या उघड्या कातळावरचा वारा कोणत्या कुशीवर सोसतो, हे सर्व नानांनी स्वतःच्या पाठीने शिकून घेतलेले. एवढी विद्या असलेला मनुष्य तंबूच्या झुंबरास भुलत नाही, हे मला मान्य करावे लागले.

आचऱ्यास सुरूच्या बनात नवीनच तंबू लागले होते. मालक तरुण होता. दाढी कोरलेली, टोपी उलटी, मुंबईतील नोकरी सोडून परतलेला. त्याने आम्हास "वेलकम अंकल" म्हटले व पातळ सरबत दिले. नाना तंबूत आडवे झाले. वर नारळ नव्हता. समुद्र जवळ होता, परंतु अंगावर येत नव्हता. लाट फुटे, थोडी थांबे, पुन्हा फुटे. बराच वेळ झाला तरी "डबल" ऐकू येईना, म्हणून मी आत डोकावलो. नाना घोरत होते.

उठल्यावर त्यांनी एकच शब्द उच्चारला, "सिंगल."

मी मालकाचा हात हाती घेऊन त्याचे यथोचित अभिनंदन केले. तेव्हा तो म्हणाला, "फक्त एक रूल आहे, अंकल. भेटायला येणाऱ्यांना संध्याकाळी सातनंतर आत थांबता येत नाही. गेस्टच्या प्रायव्हसीसाठी. सगळ्यांना सेम."

म्हणजे आजोबांनाही. मी तात्काळ घसा साफ केला. आजोबा या नात्यास अभ्यागत या सदरात घालता येत नाही, असा माझा मुद्दा होता आणि त्यास पुष्टी देणारी चार वाक्ये जिभेवर तयार होती.

"गप रव," नाना म्हणाले. "नियम तो नियम. गाडी भरली की मी पण सख्ख्या मेव्हण्याक चढूक देय नाय होतंय." आणि त्यांनी तेथूनच मुलास फोन लावला. "परशा, जागा गावली. आचऱ्याक. होय, बरी आसा. गोव्याचा रद्द कर."

नंतर त्यांनी पिशवीतून नारळ काढला आणि मालकास विचारले, "झिला, ह्या जाग्याचो राखणदार खंय आसा?"

"सिक्युरिटी रात्री येतो, अंकल."

नाना जागा राखणाऱ्या देवाविषयी विचारत होते. मग बनात थोडे फिरून, केवड्याच्या झुडपापाशी शेंदूर फिका पडलेला एक पाषाण त्यांनी स्वतःच शोधून काढला. पुढ्यात नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणे घालण्यास प्रारंभ केला. माझ्या व्यावसायिक दृष्टीने गाऱ्हाणे हा अर्जाचा अत्यंत ढिसाळ प्रकार आहे. त्यास विषय नसतो, संदर्भ नसतो, पोच तर मिळतच नाही. प्रत्येक मागणीनंतर हजर मंडळींनी "व्हय म्हाराजा" म्हणावयाचे असते, म्हणून मी औपचारिकरीत्या उभा राहिलो.

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा! तुका ह्यो नारळ ठेवलंय, तो मान्य करून घे. माजो झील, सून आणि नात हंय रवाक येतत. तेंका किड्याकाट्याचो, वाऱ्यावादळाचो तरास होव नको."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

"माजो झील ल्हान होतो, तेवा माजी मुक्कामाची गाडी. तो रातचो भियालो तर बाजूक मी कधी नाय होतंय. गावागावात निजलंय, म्हाराजा. तेच्या कुशीक तेवढो निजाक नाय." येथे नानांनी नारळाची शेंडी पाषाणाकडे वळवली. "आता तेचा चेडू हंय निजतला. माका सातच्या आत भायर पडाक होया. तेवा ता रातचा उठान रडला, तर तू वायच तेच्या बाजूक रव."

मी अगोदर चपला काढून बाजूला ठेवल्या.

"व्हय म्हाराजा!" पाठीमागून आवाज आला. मालक उभा होता. टोपी त्याने काढून हातात धरली होती आणि त्याची जीभ एकाएकी शुद्ध आचऱ्याची झाली होती. "नानानू, त्या तंबूच्या बाजूक सामानाचो ल्हान तंबू आसा. सामान काढतंय. थय तुमची एक खाट बसात."

नानांनी त्या लहान तंबूपाशी जाऊन कनात वर करून पाहिली.

"कनात उघडी ठेवलंय तर चालात मां?" त्यांनी विचारले. "माका चिऊचो आवाज येवक होयो."