बाबी तांडेल आणि विमानांचं रेकॉर्ड

आकाशात विमान दिसलं की आमचे शेजारी बाबी तांडेल हातातलं जाळं खाली ठेवतात आणि ते दिसेनासं होईपर्यंत उभे राहतात. मग म्हणतात, "गेलां. ह्यां वाचलां."

चाळीस वर्षं होडी हाकणारा हा माणूस विमानात कधी बसला नव्हता. पण कुठल्या कंपनीचं विमान कुठे पडलं, हे त्यांना तोंडपाठ. कात्रणांची वहीच आहे. सुट्टीला आलेल्या चाकरमान्याला पहिला प्रश्न, "खंयच्या कंपनीच्या विमानान इलंस?" त्या कंपनीचं विमान कधी पडलेलं असलं तर म्हणतात, "तिका आता खोड लागली." आणि कधीच पडलेलं नसलं तर जास्त गंभीर होतात. "रेकॉर्ड साफ आसा? म्हणजे तिचो नंबर अजून लागाक नाय."

"मगे माणसान बसाचां कशात?" मी एकदा विचारलं.

"होडयेत."

हेच तांडेल भाच्याच्या मोटारसायकलवर, हेल्मेटशिवाय, एका हातात सुरमई धरून कुडाळला जातात. वळणावर त्याला सांगतात, "जरा वेगान हाण रे, मासो नरम पडता."

यंदा मस्कतहून त्यांच्या मुलीचा, शालनचा फोन आला. पहिलं बाळंतपण, आई हयात नाही, सासू अंथरुणाला खिळलेली. "बाबा, तुमी या." जावयाने तिकीटही काढलं. तांडेलांनी दोन दिवस माशाला हात लावला नाही. आमच्याकडे याला आजारपण म्हणतात. तिसऱ्या दिवशी वही घेऊन माझ्या ओटीवर आले. मी कॉलेजात गणित शिकवतो, म्हणून.

मी म्हटलं, "बाबीकाका, आपल्या वाडीतली किती माणसां विमानात मेली?"

"एकय नाय."

"आणि दर्यात?"

ते बोटं मोजू लागले. वडील. चुलता. दोन खलाशी. पाचव्या बोटाशी थांबले. ते माझ्या धाकट्या भावाचं होतं. तीन वर्षांपूर्वी तो वादळात गेला, तेव्हा रीतीप्रमाणे वाडीतल्या सगळ्या होड्यांनी मासेमारी बंद करून त्याला शोधलं. आठव्या दिवशी बाकीचे परतले. तांडेल अकरा दिवस फिरत राहिले. तो सापडला नाही.

त्यांनी मूठ मिटली. "मास्तरा, तुझो हिशोब बरोबर आसा. पण दर्यात माणूस गेलो तर आमी सगळे हुडकूक जातंव. विमान पडलां तर माका हुडकूक कोण येतलो?"

मला होडीत पाय ठेवताच ओकारी येते, हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे.

"मी येतलंय."

"तू? तू काठारच ओकतंस."

"ओकत येतलंय."

ते ओटीवरून उठले. मग वही बगलेत मारून कपडे भरायला गेले.

गोव्याच्या विमानतळावर दारातून आत शिरता शिरता ते मागे वळले. "पोचलंय म्हणान फोन करतलंय. तोवर घराक जाव नको."

मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. पुस्तक उघडलं होतं, पान उलटलं नाही. सहा तासांनी फोन वाजला.

"आता घराक जा, बाबा," तांडेल म्हणाले.