दुसरी बाजू कोण मांडते?

लांजेवारकाका साखरपुड्यातसुद्धा विरोधी बाजू मांडतात. आमच्या गल्लीतल्या एका पोरीचं लग्न ठरलं. सगळे मुलाचं कौतुक करत होते, तर यांनी हातातली बशी खाली ठेवून विचारलं, "हे तं ठीक आहे गा. पण दुसरी बाजू कोण मांडते?" कोणीच मांडेना, म्हणून त्यांनीच मांडली, नवरदेवासमोर. लग्न झालं. काकांना आमंत्रण नव्हतं.

उभी हयात त्यांनी कळमन्याच्या बाजारात धान्याचे लिलाव पुकारले. "एकच बोली लागली तं तो लिलाव नसते," ते म्हणतात, "लूट असते." हाच नियम त्यांनी लकडगंजमधल्या आमच्या वस्तीला लावला. गणपतीत डीजे नको, असं सगळ्या म्हाताऱ्यांनी एका सुरात म्हटलं, तेव्हा काका कानातले कापसाचे बोळे काढून डीजेच्या बाजूनं तावातावानं बोलले. डीजे आला. विसर्जनापर्यंत ते डोक्यावर उशी घेऊन पडून होते. लोक हसले. मीही हसलो. शेजारी असल्यामुळे त्यांच्या तावडीत पहिला मीच सापडतो, म्हणून ते लांबून दिसले की मी रस्ता बदलायचो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची बायको गेली. आमच्या मालतीकाकू. वस्तीसमोरच्या मोठ्या रस्त्याच्या दुभाजकात पलीकडे जायला एक कट आहे. तिथून भाजी घेऊन येताना टिप्परनं उडवलं. महिन्याभरानं समाजभवनात सभा भरली. कट कायमचा बंद करायचा, एवढाच विषय. महापालिकेचा इंजिनिअरही आला होता. काका पुढच्याच खुर्चीत. त्यांच्याकडे बघत प्रत्येकानं हात वर केला. चहा यायच्या आत विषय संपला असता.

काका उठले. "दुसरी बाजू कोण मांडते?"

मी त्यांना खाली बसवायला गेलो. "काका, आज तरी नको."

"काहून नको? माझं तोंड पाहून हात वर करून राहिले हे लोक. रस्त्याचा विचार कोण करून राहिलं? तू बोल बंद कराच्या बाजूनं. मी उघडा ठेवाच्या बाजूनं बोलतो."

मी बोललो. काकूंचं नाव घेऊन कट बंद करा म्हणालो. काका ऐकत होते, डोळे पुसत होते आणि माझा एकेक मुद्दा खोडत होते. कट बंद केला तर शाळेची पोरं दुभाजकावरून उड्या मारतील. अँब्युलन्सला लांबचा वळसा पडेल. गाड्या आणखीच सुसाट सुटतील. त्यापेक्षा सिग्नल द्या, गतिरोधक द्या. इंजिनिअर पहिल्यांदाच काही लिहून घेऊ लागला. लोकही बोलू लागले, भांडले, आणि शेवटी कट उघडा ठेवून सिग्नल मागायचं ठरलं. तो सिग्नल आजही आलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

सभा संपल्यावर आम्ही दोघं त्याच कटातून घरी निघालो. काका मध्येच दुभाजक धरून उभे राहिले.

"बरोबर बोललात तुम्ही," मी म्हणालो.

"तू लय कच्चा बोलला गा." त्यांनी येणाऱ्या गाड्यांकडे बोट दाखवलं. "मालती असती तं तिनं मले हरवलं असतं. घरी मी तिच्यासमोर एकदाही जिंकलो नाही. आज मले हरायचं होतं."